पद्मजाची पट्ट्यावरची गाडी

"पद्मे, गाडी उलटी चाललीय!" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून देवदत्त ओरडला. "बाहेर पडायच्या आधीच घरी परतायची घाई झालीय तिला!"

फणसवाडीतल्या चाळीच्या अंगणात जुन्या मालवाहू तीनचाकीची मागची चाकं विटांवर उचलून ठेवली होती आणि दोन्ही सुसाट मागे फिरत होती. पद्मजाने स्विच बंद केला, मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा चालू केला. चाकं पुढे फिरू लागली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. देवदत्तने, तिच्या नवऱ्याने, तेवढ्या वाजवल्या नाहीत.

पद्मजा शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होती. प्रयोग सरांनी करायचे, हिने चंचुपात्रं धुवायची. ती निवृत्त झाली त्याच वर्षी देवदत्तचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तो काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागला, पण रोजचं वाचनालय सुटलं ते सुटलंच. इतक्या जवळ यायला टॅक्सीवाले तयार नसत. चाकांच्या खुर्चीचं नाव काढलं, की "मला कुणी ढकलत न्यायचं नाही," एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करायचा. दीड वर्ष ती त्याची पाठ बघत होती.

मग एक दिवस तिने भंगारातून ही तीनचाकी आणली. बंद पडलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर आणि बॅटरी मिळवली, मागे खुर्ची पक्की केली आणि मोटरपासून मागच्या आसापर्यंत रबरी पट्टा चढवला.

पहिल्या फेरीला खुर्चीत गव्हाची गोणी बसवली. मोटर गुंईऽऽ करून फिरली, पट्टा जागच्या जागी घसरत राहिला, जळक्या रबराचा वास सुटला आणि गोणी होती तिथेच. गोणी गुणाजीची. वाडीतला हा पीठगिरणीवाला खाली वाकला.

"वैनी, पट्टो ढिलो आसा. असो पट्टो माझ्या गिरणीत घातलंय तर गहू तसोच भायर येतलो."

"मग करू काय?"

"खालसून एक बारकी पुली दाबून बसवा. पट्टो ताठ रवाक व्हयो."

पुली त्यानेच आणून दिली. संध्याकाळी गोणी अंगणात तीन फेऱ्या मारून आली.

"गोणी काय, बोलत नाही," देवदत्त म्हणाला. "घाबरली असली तरी कळणार कसं?"

पण गुरुवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एकेक पायरी उतरत खाली आला.

गाडी वाडीबाहेर पडली, पहिलं वळण झकास पार केलं. नाक्यावर पुढच्या टॅक्सीने कचकन ब्रेक मारला. पद्मजाही थांबली, पुन्हा निघताना हिसका बसला आणि पट्टा निसटून रस्त्यावर पडला. मागे हॉर्नचा गदारोळ. दोघे-तिघे धावत आले. "आजी, तुम्ही बसा, आम्ही धक्का मारतो!"

पद्मजाने वळून देवदत्तकडे पाहिलं. आता हा माणूस पुन्हा कधी खाली उतरणार नाही.

देवदत्तने काठी आडवी धरली. "हात लावू नका! इंजिनियर काम करतायत."

"काका, साइड में लो ना!" मागून टॅक्सीवाला ओरडला.

"लेता है, लेता है! पहले पट्टा तो चढने दो!"

आणि तो खुर्चीत ताठ बसून काठीने वाहतूक डावीकडून काढून देऊ लागला. पद्मजा साडी खोचून रस्त्यावर बसली. पट्टा चढवला, पुली वर दाबून नट आवळला. उठताना गुडघे कटकटले, पण गाडी निघाली.

वाचनालयाच्या नळावर साबण नव्हता. हात काळेच राहिले. ती तशीच आत जाऊन देवदत्तच्या शेजारी बसली. त्याने वर्तमानपत्र दोघांच्या मधे सरकवलं, तशी तिने हात मांडीखाली लपवले.

तिचं वाचून झालं की ती मान हलवायची, मग तो पान उलटायचा.