या तिवईवर बसू नये

मी तिवई बोलतेय. तीन पायांची, ठेंगणी, उजव्या कडेला जराशी झिजलेली. माझ्यासारखीवर तुम्ही कितीतरी वेळा बसला असाल, पण "काय गं, कशी आहेस?" असं कधी विचारलं असेल तर शपथ! असू द्या. बसण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. उलट माणसं माझ्यावर बसायची थांबली, तिथून माझे हाल सुरू झाले.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याची मुलगी थंड फरशीवर बसून भाजी चिरायची आणि मग कंबर धरून हिंडायची. एका गिऱ्हाईकाच्या दाराच्या कामातून फळी उरली होती, तिची त्याने माझी बैठक केली आणि दोन पायही काढले. तिसऱ्या पायाला लाकूड पुरेना. तेव्हा त्याने कुदळीचा मोडका दांडा तासला आणि बसवला ठोकून. "चालतंय की," म्हणाला. चाललं, आणि चांगलं चाललं. त्या घरातल्या चार पायांच्या खुर्च्या जन्मभर डुगडुगल्या, मी मात्र कुठल्याही फरशीवर ठेवा, जागची हलत नाही.

मुलीचं लग्न झालं तशी मीही तिच्याबरोबर गेले. तिलाच पुढे सगळे काकू म्हणायला लागले. तिचे यजमान, म्हणजे काका, विद्यापीठाच्या संग्रहालयात स्टोअर सांभाळायचे. ठिकठिकाणच्या लोकांच्या रोजच्या वस्तू तिथे ठेवलेल्या: मुखवटे, ढोल, टोपल्या, मासे धरायची जाळी, पांघरुणं. सगळ्यात खालच्या फळीवरच्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधताना काकांचा डावा गुडघा बोंब मारायचा. खुर्ची उंच पडायची आणि जमिनीवर बसलं की उठवायला माणूस लागायचा. शेवटी काकूंनी मला त्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "घेऊन जा हिला. पण रिटायर व्हाल तेव्हा आठवणीने परत आणा. बाबांच्या हातची एवढीच वस्तू राहिलीय माझ्याकडे."

काका म्हणाले, आणतो. आणि माझी नोकरी सुरू झाली.

काकांसारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. टोपलीवरची धूळ काढायची तर मऊ ब्रशने, ती सुद्धा श्वास रोखून. वस्तू उचलायची ती दोन्ही हातांनी, कान किंवा दांडी धरून कधीही नाही. शाईचं पेन दिसलं की दारातच काढून घेणार, चहाचा कप दिसला तर माणसालाच बाहेर काढणार. स्टोअरमध्ये कुणीही नवीन आलं की त्यांचं ठरलेलं भाषण असायचं: मडक्यातून पाणी प्यायचं नाही, टोपी डोक्यावर घालायची नाही, ढोल वाजवायचा नाही. एकदा नंबर पडला की वस्तू वापरायची नाही, मग कुणी का सांगेना. हे सगळं ते माझ्यावर आरामात बसून, डावा पाय लांब करून, उजवीकडे कलून सांगायचे. मी खाली ऐटीत असायचे. मला कुठे नंबर होता!

तिथल्या एका ढोलाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या माणसांच्या आजोबा-पणजोबांना न विचारताच तो कधीतरी उचलून आणला होता. त्यांच्यातली वडीलधारी मंडळी त्याला भेटायला आली. एक आजी ढोलापाशी बसून त्याच्याशी हळूहळू बोलत राहिल्या. काकांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर पाठ करून उभे राहिले, कुणालाही आत सोडलं नाही. पुढे तो ढोल आपल्या माणसांकडे परत गेला आणि विद्यापीठाने नियमच केला की वंशजांनी वस्तू मागितली तर समितीने त्यांचं ऐकून घ्यायचं. त्या नियमाचा काकांना फार अभिमान.

मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. रजेवर जाताना त्यांना माझी काळजी. सफाईवाले मला कुठेतरी नेऊन माझ्यावर उभे राहतील, माझे पाय मोडतील! म्हणून त्यांनी मला सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं. देशोदेशीच्या आसनांच्या फळीवर, कोपऱ्यात, मऊ कागदावर. इतका हुशार माणूस, पण त्या दिवशी कुठे गेली होती अक्कल कोण जाणे.

कारण त्याच रजेत नव्या मॅडम आल्या. संग्रहालयाच्या प्रमुख. बाई कामाला वाघीण. आल्या आल्या त्यांनी स्टोअरची मोजदाद काढली. ज्या वस्तूची चिठ्ठी गळून पडली असेल, तिला नवा नंबर द्यायचा, ही तिथली रीतच आहे. आसनांच्या फळीवर बिननंबराची मी! मॅडमनी हातमोजे घातले, मला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि म्हणाल्या, "किती सुंदर झीज आलीय हिला." जन्मात कुणी माझं कौतुक केलं नव्हतं. मी अशी भुलले म्हणून सांगू, की माझ्या पोटावर पारदर्शक लेप लावून त्यावर बारीक अक्षरात नंबर लिहून झाला तरी मला पत्ता नाही.

पुढचं ऐका. लाकडात किडा असेल तर मरावा म्हणून मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि फ्रीजरमध्ये टाकलं. सोबतीला एक लोकरी झगा. तो जुना कैदी होता, दर काही वर्षांनी आत जायचा. म्हणाला, सवय होते. मला नाही झाली. किडा नव्हताच माझ्यात, नुसती हाडं गोठली.

बाहेर काढलं तर समोर प्रोफेसर. हे गृहस्थ 'बसण्याच्या रीती' नावाचं प्रदर्शन मांडत होते आणि मला बघताच त्यांचे डोळे लकाकले. झीज एकाच बाजूला, म्हणजे ही एखाद्या प्रमुखाची मानाची बैठक असणार. तिसरा पाय वेगळ्या लाकडाचा, म्हणजे तो पूर्वजांचं प्रतीक. काकांचा गुडघा आणि मोडकी कुदळ, त्याचं हे झालं! मला हसू आवरेना, पण हसणार कुठल्या तोंडाने?

काका कामावर परतले ते थेट आसनांच्या फळीकडे. मी तिथे नव्हते. प्रदर्शनाच्या खोलीत मी दिसले तेव्हा त्यांनी मला उलटं करून पोटावरचा नंबर बघितला आणि ते भिंतीला टेकले. मॅडमना कळलं तेव्हा आधी त्यांचा चेहरा उतरला, मग त्या पोट धरून हसल्या आणि कापसाचा बोळा घेऊनच आल्या. लेपासकट नंबर पुसून टाकू, विषय संपला.

काकांनी मला पाठीमागे घेतलं. "नाही मॅडम," ते म्हणाले. "आज माझी वस्तू म्हणून हिचा पुसला, तर उद्या कुणीतरी आपल्या सोयीने दुसऱ्या कशाचा पुसेल. मी जन्मभर इथे येणाऱ्या नव्या पोरांना हेच सांगत आलो."

आता काय म्हणावं या माणसाला! मॅडमनी कपाळाला हात लावला. प्रोफेसरांना खरं सांगायला गेल्या तर ते व्याख्यानांच्या दौऱ्यावर. मग ठरल्याप्रमाणेच 'प्रमुखाची मानाची बैठक' अशी माझी पाटी लागली, वर दिवा आला आणि मी काचेत गेले. समोर सूचना: या तिवईवर बसू नये.

काका रोज चार वेळा काचेपाशी यायचे आणि उभ्याउभ्या बघायचे. नवा गुडघा ठणठणीत होता, पण चेहरा पडलेला. रिटायर व्हायचा दिवस जवळ येत होता. काचेपाशी पुटपुटायचे त्यावरून कळायचं, घरी काकू विचारायच्या, तिवई कधी आणताय? हे सांगायचे, कामावर आहे.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी घरच्या माणसांनाही बोलावणं होतं. काकू नवी साडी नेसून आल्या, मुखवटे बघत बघत माझ्यापर्यंत पोचल्या आणि थबकल्या. पाटी वाचली. पुन्हा मला बघितलं. मागे काका चोरासारखे उभे. काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "कामावर आहे म्हणालात ना?"

"आहेच की," काका पुटपुटले. "कामावरच आहे."

काकूंनी त्यांना तिथे एक शब्द सुनावला नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं! घरी जाऊन काय झालं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी काकू एकट्या आल्या आणि तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. त्या ढोलाच्या नियमाखाली मला माझी वस्तू मागायचीय, म्हणाल्या.

समिती बसली. मला टेबलावर मांडलं, खाली मऊ गादी. काकांनी हात जोडून सांगितलं की हा नियम त्या लोकांसाठी आहे, ज्यांचं खरोखर काही हिरावून नेलं होतं. आमच्या घरच्या तिवईसाठी तो वापरायचा म्हणजे त्या आजींची थट्टा होईल, मला ते बघवणार नाही. मला गहिवरून आलं, आणि रागही आला.

काकू उठल्या. "थट्टा मी करत नाही," त्या म्हणाल्या. "त्या आजींचं दुःख मोठं, माझं लहान, हे मला कळतं. पण माझ्या बापाच्या हातची वस्तू मला न विचारता नंबर घालून काचेत ठेवली, एवढं तर खरं ना? मी ती मागतेय. जिथे मागावी असं दुसरं दार मला माहीत नाही."

मग मॅडमनी रीतीप्रमाणे विचारलं, हिच्याबद्दल काय सांगाल? काकूंनी सगळं सांगितलं: दाराची फळी, कुदळीचा दांडा, बाबांचं "चालतंय की", उजवीकडे कलणारा नवरा. आता प्रोफेसर खट्टू होतील असं मला वाटलं, तर हे महाशय खुर्ची ओढून पुढे सरकले. दांडा मोडला कसा, बाबा उजवे की डावखुरे, विचारून विचारून त्यांनी काकूंना भंडावून सोडलं. प्रमुखापेक्षा हे कितीतरी छान आहे, म्हणाले, आणि पाटी नव्याने लिहायला बसले. ती मग माझ्या फोटोखाली लागली, कारण समितीने एकमताने मला सोडलं. काकांच्या रिटायरमेंटच्या दिवशीच मी घरी आले. जीव भांड्यात पडला!

पण थांबा. माझ्यासोबत काळजी कशी घ्यावी याच्या सूचना आल्या होत्या. ऊन नको, ओल नको, वजन नको. त्या लिहिल्या कुणी? काकांनीच, नोकरीतलं शेवटचं काम म्हणून. घरात मला कपाटावर ठेवलं, खाली मऊ कागद. रोज सकाळी हातमोजे, ब्रश, रोखलेला श्वास. काकू फरशीवर बसून भाजी चिरतायत आणि मी कपाटावरून बघतेय. यासाठी का आले होते मी घरी?

आज सकाळी काका ब्रश धुवायला गेले, तेवढ्यात काकूंनी मला खाली ओढलं. एका हाताने, पायाला धरून. स्वयंपाकघरात नेलं, फरशीवर आपटलं आणि माझ्यावर बसल्या. काय सांगू तुम्हाला! किती दिवसांनी माझ्या पायांना जमीन कळली.

काका दारात आले, हातात ओला ब्रश. "अगं, नंबर आहे तिच्यावर," म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "बाबांनी मला बसायला केली होती. तुम्ही जपून ठेवली तर त्यांनी केलेलं वाया जाईल." मग त्या उठल्या. "या. गुडघा नवा आहे, पण बसा."

काकांनी ब्रश ओट्यावर ठेवला, हातमोजे काढले आणि ते बसले, पण सरळ, दोन्ही पाय जवळ घेऊन. डोळे भरून आले होते त्यांचे. काकूंनी मटारची परात त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून घेतली. मटार सोलून संपल्यावर काका उठले, तेवढ्यात तुमच्याशी हे चार शब्द बोलून घेतले. तिवईला बोलायला फुरसत मिळते ती रिकामी असताना. तुमच्याही घरात कुणी कपाटावर, काचेत, कागदात गुंडाळून पडलं असेल, तर त्याला खाली उतरवा, बाबांनो. आता येते. दोघांचीही भाजी चिरायची बाकी आहे आणि आधी कुणी बसायचं यावरून त्यांचं चाललंय.