शेत फसफसलं

लाव्रिदनं बांधालगतच्या कोपऱ्यात वाकून व्हिनेगर ओतलं आणि माती फसफसली; म्हणजे तिच्यात चुना होता. तो तसाच तरातरा अंगणात आला.

"अँटन! टाकलीस ना शेवटी माझ्या शेतात चुनखडीची माती?"

मुलगा गाडीवर पेटी चढवत होता. "नाही टाकली, बाबा. नुसतं टाकू या म्हटलं होतं. रोज बाटली घेऊन माझ्या मागावर असता, म्हणून तर चाललोय. कॅनडात निदान बापाची गस्त नसेल."

डेन्मार्कमधल्या युटलंडच्या त्या माळावर सगळेच ती माती टाकत. आंबट जमीन सुधारायची, राय नावाचं धान्य भरघोस यायचं. लाव्रिदच्या घरात मात्र तिचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षं नुसती तीच ओतली, चांदी करून घेतली आणि मुलाच्या हाती चोथा झालेलं शेत दिलं. श्रीमंत बाप, भिकारी पोरगा, अशी तिकडे म्हणच होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाण्यालाही फुंकर घालायचा.

"मग काय आभाळातून पडली?"

"मी टाकली." त्याची बायको सिडसेल दारातून म्हणाली. "डेअरीवरून येताना, शेजाऱ्याच्या खाणीतून. दुधाच्या रिकाम्या किटलीत."

"तू?"

"पोरावर डोळे लावून बसलास, म्हातारीकडे कोण बघतंय! आणि नुसती नाही टाकली. दर किटलीमागे पाटीभर शेण घातलंय. तुझ्या वडिलांनी जमिनीला राबवलं, जेवायला वाढलंच नाही. जा, बघ काय उगवलंय ते."

लाव्रिद परत गेला. शेतभर चुक्यासारखं आंबट तण होतं. कोपऱ्यात मात्र, दरवर्षी पेरूनही कधी न आलेलं क्लोव्हर, गुरांच्या चाऱ्याचं गवत, बोटभर वर आलं होतं. बाटलीच्या नादात त्याला ते दिसलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

अंगणात येऊन त्यानं बाटली बायकोच्या हाती दिली. "कोबीत घाल." चुकलो म्हणायला त्याची जीभ वळेना. त्यानं पेटी गाडीवरून उतरवून पायरीवर ठेवली.

"बाबा, माझी आगगाडी चुकेल."

"गाडी मला लागणार आहे. आधी शेण वाहायचंय. मग तू म्हणतोस ती माती."

लाव्रिद एकटाच शेण भरू लागला. थोड्या वेळानं अँटननं अंगातला प्रवासाचा चांगला कोट काढला, घडी केली आणि पेटीवर ठेवला.