रोटीवर हात

"पहिल्या रात्रीची चादर तूच उचलायची, ओयदिन. दुसऱ्या बाईचा हात लागू द्यायचा नाही. आणि काही कमीजास्त दिसलं, तर तुझ्या बोटात रक्त आहेच की."

सासूबाई वारल्या, पण हा आवाज ओयदिनच्या कानात राहिला होता. काल नणंदेची, झेबोची, पाठराखीण म्हणून ती मार्गिलान शहरातल्या या घरात आली, ती ओढणीच्या टोकाला सुई टोचूनच.

सुई लागणार हे झेबोनंच तिला सांगितलं होतं, वेणी घालून घेताना, मान खाली घालून. वर्षभर ती दिलयोरला भेटत होती. याच दिलयोरला, ज्याच्याशी काल निकाह झाला. ओयदिनला आधी झेबोचाच राग आला. पाच वेळची नमाज आणि सोमवार-गुरुवारचा रोजा न चुकवणारी बाई ती, लग्नाआधीचं असलं काही तिला मान्य नव्हतं. पण पोरीनं केलं ते अल्लाहच्या आणि तिच्यामधलं. ते चव्हाट्यावर मांडणारे हे लोक कोण, असं मनात आलं आणि तिनं सुई घेतली.

संध्याकाळी दिलयोरनं ती सुई पाहिली. फोनच्या दुकानात काम करणारा, परदेशी बूट घालणारा पोरगा. हसून म्हणाला, "वहिनी, ठेवा ती. मी आईला सांगतो, निकाहाआधी तिला भेटणारा तो मीच. आजकाल असलं कोण बघतं?"

खोटं बोलायची वेळ टळली म्हणून ओयदिननं अल्लाहचा शुक्र मानला. चूक झाली ती तिथं.

सकाळी अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बाया चहा घेत बसल्या होत्या. मध्ये अंथरलेल्या दस्तरखानावर गरम रोट्या. ओयदिननं चादर आणून विहिणीपुढं, दिलयोरच्या आई हनीफापुढं ठेवली.

हनीफानं ती उलगडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "हे काय?"

"चादर, विहीणबाई."

"ते दिसतंय मला."

"इस्त्री पण करून आणलीय वाटतं," दिलयोरची मावशी म्हणाली, आणि ओढण्यांआडून खुसखुस झाली.

ओयदिननं मांडवाच्या खांबाला टेकलेल्या दिलयोरकडं पाहिलं. "जावईबापू, बोला."

तो फोनमध्ये बघत होता. "मी काय बोलू?"

"काल जे बोललात ते."

"मला नाही आठवत."

ओयदिनचे कान तापले. आवाज मात्र चढला नाही. तो तिला चढवताच येत नसे. "विहीणबाई, झेबो वर्षभर भेटली ती तुमच्याच मुलाला. काल त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं."

"माझा मुलगा तसा नाही," हनीफा म्हणाली. "पोरगी तुमची, आणि डाग आमच्या घराला?"

"मग रोटीवर हात ठेवून सांगू दे त्याला."

रोटीची शपथ म्हणजे सगळ्यात मोठी. या मुलखात रोटी कुणी पालथी ठेवत नाही, तिचा तुकडा जमिनीवर पडू देत नाही. दिलयोरनं आईकडं पाहिलं, मग फोन खिशात टाकला, रोटीवर हात ठेवला आणि म्हणाला, "निकाहाआधी मी तिला हातही लावला नाही."

"ऐकलंत?" हनीफा म्हणाली. "सायंकाळच्या आत घेऊन जा तिला."

"आत्ताच नेते," ओयदिन म्हणाली. "आता तुम्ही पाया पडलात तरी मी हिला इथं ठेवणार नाही."

ओसरीवर दिलयोर तिच्या मागं आला. हळूच म्हणाला, "वहिनी, मला समजून घ्या. रात्रभर विचार केला मी. जी माझ्याबरोबर आली, ती आणखी कुणाबरोबर गेली नसेल कशावरून?"

"आणि तू कुणाबरोबर गेला होतास?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"सगळे मित्र असंच म्हणतात," तो म्हणाला. "फिरायला एक, घरात आणायला दुसरी."

"मग काल निकाह कशाला लावलास?"

"आवडायची मला."

ओयदिनला वाटलं, एक ठेवून द्यावी. हात उचललाही गेला. मग तिनं त्याच हातानं ओढणी सारखी केली. "तिनं पाप केलं असेल तर तेवढंच तूही केलंस," ती म्हणाली. "वर आज रोटीवर हात ठेवलास, तो तिनं नाही ठेवला. तुझं तोंड मला पुन्हा दिसू नये."

झेबो खोलीत काल रात्रीच्याच कपड्यांत बसली होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. रडत मात्र नव्हती.

"वहिनी, दादा मला मारतील."

ते खरं होतं. ओयदिनला आपला नवरा ठाऊक होता. सोबिरचा हात आधी चालायचा, डोकं मागाहून.

"त्यांच्यापुढं आधी मी उभी राहीन," ती म्हणाली. "तू माझ्या मागं."

"शब्द देता?"

"दिला."

हनीफानं बागेकडच्या दाराची कडी काढून ठेवली होती. परत पाठवलेली नवरी तिकडूनच जाते, तोंड झाकून, कालव्याच्या कडेनं. झेबो आपसूक तिकडं वळली. ओयदिननं तिचा हात धरून रस्त्याकडचं दार उघडलं. समोरच्या दुकानदारानं मान वर केली. कोपऱ्यावर, नवी नवरी दुसऱ्या सकाळी वाकून करते तो सलाम बघायला आलेल्या शेजारणी थांबल्या.

ओयदिननं कुणाकडं पाहिलं नाही. झेबोला एक पाऊल आपल्या मागं घेतलं आणि ती सोबिरच्या घराकडं चालू लागली.