एकोणसाठ नंबरची फळी

"सही करा, डॉन फ्लोरेआल, आणि मोकळे व्हा. कागद माझा नाही, वरून आलाय," इंजिनिअर नोएलिया म्हणाली.

म्हाताऱ्या सुताराला कारखान्यात सगळे असंच मानानं 'डॉन' म्हणत. फ्लोरेआल बास्सोनं कागदाला हातही लावला नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला आणि वाचलं. एकोणसाठ नंबरच्या डब्याचं लाकूड कुजलेलं असून डबा दुरुस्तीपलीकडे गेलेला आहे. खाली मुख्य सुताराच्या सहीसाठी जागा.

ब्युनोस आयर्सच्या भुयारी रेल्वेचे लाकडी डबे जानेवारीत कायमचे थांबणार होते. शंभर वर्षं धावले होते बिचारे. त्यांतले मोजके जपायचे आणि बाकीचे मोडीत घालायचे, असं ठरलं होतं. एकोणसाठ नंबर जपायच्या यादीत होता, पण शेडमध्ये जागा पुरेना, तेव्हा कुण्या साहेबानं त्याच्यावर फुली मारली. आता नुसती फुली मारून भागत नाही, सुताराचा दाखला लागतो. म्हणून हा कागद.

फ्लोरेआल अडतीस वर्षं या कारखान्यात सुतार होता. या डब्यांच्या नादात त्याचं सगळं आयुष्य गेलं, आणि गेलं ते बरंच झालं असं त्याला वाटे. पिवळे दिवे, भिंतीवरचे आरसे, वळणावर सगळ्या लाकडाची होणारी कुरकुर. आणि दारं. दार उतारूनं आपल्या हातानं उघडायचं, गाडी पुरती थांबायच्या आतच. नव्या चिनी गाडीची चाचणी झाली तेव्हा म्हातारेकोतारे तिच्या दारापुढे कडी शोधत हात फिरवत राहिले, आणि दार आपलं आपण उघडलं तेव्हा ओशाळले. फ्लोरेआलला त्या दिवशी असा संताप आला की तो घरी जेवलाच नाही. माणसाला दारसुद्धा उघडता येत नाही असं समजतात की काय हे लोक!

त्यानं खिशातला टोच्या काढून नोएलियाच्या हातात दिला. "कुजलंय म्हणता ना? चला, कुठे ते दाखवा. तुम्ही टोचा, मी बघतो."

नोएलिया काही शोभेची बाहुली नव्हती. बाही सारून ती डब्यात चढली आणि ओळीनं टोचत निघाली. चौकटी, बाकं, दारांचे खांब, सगळीकडे टोच्याचं टोक नुसतं घसरत होतं. अर्ध्या तासात तिला घाम फुटला. असलं लाकूड आता बघायला मिळत नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली. फ्लोरेआल मात्र एका खिडकीला टेकून उभा होता, तो तिथून हलायला तयार नव्हता.

"जरा बाजूला होता का?"

तो बाजूला झाला. खिडकीखालच्या फळीत टोच्या थेट मुठीपर्यंत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. नोएलियानं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

फ्लोरेआलच्या कानशिलात रक्त चढलं. दोन हजार एक सालच्या त्या भिकार हिवाळ्यात देशाचं दिवाळं निघायला आलेलं, बाजारात कशाचाच पत्ता नव्हता, तिथे ओक कुठून येणार? यंत्राच्या खोक्याचं हलकं लाकूड तासून त्यानं ही फळी बसवली होती. वर रंग असा चढवला की अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी ओळखू येऊ नये. आणि दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, ओक. अकरा वर्षं त्या खिडकीजवळून जाताना त्यानं मान दुसरीकडे वळवली होती.

"ही फळी माझी आहे," तो म्हणाला. "खोक्याचं लाकूड. वहीत मी खोटं लिहिलं. बाकीचा डबा ठणठणीत आहे, तुम्हीच आत्ता बघितलंत."

नोएलियानं डब्याचं दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. वहीत खोटी नोंद म्हणजे नोकरी गेली. तीन महिने राहिलेत तुमचे. निरोप होईल, मेडल मिळेल, पुढे गाडीनं फुकट फिरायचा पास मिळेल. कशाला हातानं पायावर धोंडा पाडून घेताय?"

"मग डबा कुजका ठरेल."

"एक डबा, डॉन फ्लोरेआल."

"माझ्या लबाडीपायी?" त्याचा आवाज चढला. "कुजलोय तो मी. डब्याला का फाशी देता?"

त्यानं कागद बाकावर ठेवला, छापलेल्या वाक्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: लाकूड निरोगी आहे. एक फळी कुजकी. ती मी बसवली आणि वहीत खोटं लिहिलं. फ्लोरेआल बास्सो. फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या महिन्याचं हे नाव बापानं ठेवलं ते कुणा साहेबापुढे वाकायचं नाही म्हणून. आज त्याला पहिल्यांदाच ते नाव अंगाबरोबर बसल्यासारखं वाटलं.

दहाव्या दिवशी बडतर्फीचं पत्र आलं आणि फाटकावर त्याचा कारखान्यात शिरायचा पास काढून घेतला. बायको इर्मा सकाळभर भांडी आपटत होती. अडतीस वर्षं एका फळीपायी घालवलीस, म्हाताऱ्या, असं तिनं चारदा ऐकवलं. पाचव्यांदा मात्र ती घडीची खुर्ची घेऊन आली. "घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. जा, त्यांच्या डोळ्यांसमोर बस."

तो जाऊन बसला. कारखान्याच्या फाटकासमोर, झाडाखाली, रोज सकाळी सातला. मोडीत घालायचे जुने डबे मोठ्या ट्रकवर चढून एकेक करून बाहेर पडत. तो प्रत्येकासाठी उठून उभा राही आणि पुन्हा बसे. पहारेकऱ्यानं हटकलं तेव्हा, रस्ता तुझ्या बापाचा आहे का, एवढंच त्यानं विचारलं. एकोणसाठ नंबर बाहेर आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, तरी आला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी नोएलिया फाटकाशी आली. त्याला आत घ्यायची तिला परवानगी नव्हती आणि बाहेर यायला वेळ नव्हता, म्हणून दोघं गजांच्या अल्याडपल्याड उभे राहिले. तिच्या हातात वही होती.

"नवा सुतार विचारतोय, त्या फळीला कुठलं लाकूड घालायचं."

"ओक. जुना, सुकलेला. लाकडाच्या रेघा आडव्या येऊ देऊ नका म्हणावं. मिळाला नाही तर जागा रिकामी ठेवा."

तिनं उभ्या उभ्या लिहून घेतलं. "आणखी काही?"

"जे घालेल तेच वहीत लिही म्हणावं त्याला."

नोएलियानं तेही लिहिलं.