पितळी पट्टीच्या दोन्ही बाजूंना

दारूच्या दुकानातला काउंटर बोलतोय म्हटल्यावर तुम्ही आधी वास घ्याल. खुशाल घ्या. माझ्यावर बाटल्या ठेवल्या गेल्या, कधी सांडल्याही. पण मी पूर्ण शुद्धीत आहे.

जात माझी सागवानी. तरुणपण एका सरकारी कचेरीत गेलं. लोक माझ्यावर कोपरं टेकून उभे राहत आणि पलीकडचा कारकून मान वर कधी करतो याची वाट पाहत. माझ्यावरचे कागदच हलत नसत, तर मी कुठून हलणार? पुढे कचेरीत लोखंडी फर्निचर आलं आणि माझा लिलाव झाला. वाटलं, आता कोणाच्या तरी चुलीत जाऊन सुटलो. पण नशिबात प्रवास होता. मला चार चाकं लागली आणि मी रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागलो. एवढा प्रवास त्या कचेरीतल्या एकाही साहेबाने भत्ता घेऊनसुद्धा केला नसेल.

त्याचं असं झालं. मला लिलावात घेतलं ते आमच्या मालकीणबाईंनी. त्यांच्या सासऱ्यांचं हे दुकान दोन राज्यांच्या हद्दीवर. दुकानाच्या मधोमध फरशीत एक पितळी पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं, हे सासऱ्यांच्या काळापासून सगळ्या गावाला ठाऊक.

अलीकडच्या राज्याचं मत असं की, माणूस संध्याकाळी दारू आणायला गेला तर वेळेवर घरी येत नाही. म्हणून तिथे विक्री सकाळी सुरू आणि पाचाला बंद. पलीकडच्या राज्याचं मत असं की, माणूस दिवसा प्यायला तर कामावर जात नाही. म्हणून तिथे विक्री पाचाला सुरू, ती जेवणवेळेपर्यंत. काळजी दोघांनाही तेवढीच, फक्त घड्याळ वेगळं.

बरं, घड्याळावर भागलं असतं तर ते सरकार कसलं? अलीकडे रस्त्यावरून बाटली दिसता कामा नये, म्हणून त्या खिडकीला जाड पडदा. पलीकडे दुकानात काय चाललंय ते रस्त्यावरून दिसलंच पाहिजे, म्हणून त्या खिडकीची काच रोज पुसायची. अलीकडे गार बाटली विकायला बंदी, कारण गार बाटली माणूस वाटेतच उघडतो. पलीकडे फ्रिजला परवानगी. त्यामुळे दुपारी घामाघूम झालेलं गिऱ्हाईक हातात कोमट बाटली घेऊन पट्टीपलीकडच्या फ्रिजकडे असं बघायचं, की परदेशी गेलेल्या मुलाकडेही कोणी तसं बघत नसेल.

आमचे रोजचे गिऱ्हाईक पेन्शनर मास्तर म्हणायचे, "दोन्ही सरकारांचं एकदम ऐकलं तर प्यायचंच राहून जाईल. म्हणून मी आळीपाळीने ऐकतो."

मालकीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पट्टीपलीकडचा अर्धा भाग नुसता पडून होता.

"अहो, तिकडे काय करता?" त्यांनी विचारलं.

"रिकामी खोकी ठेवतो," मालक म्हणाले.

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतर मी पेपर वाचतो."

बाईंनी पलीकडच्या राज्याचा परवाना काढला. दोन राज्यांचे परवाने एका माणसाला मिळत नसत, म्हणून तो त्यांच्याच नावावर निघाला. दुकानाच्या पाटीवर अर्ध्या भागात त्यांचं नाव रंगवलं गेलं. या घरात त्यांच्या नावाची तेवढी एकच गोष्ट. दोन काउंटर ठेवायला जागा नव्हती, म्हणून सुतार बोलावून त्यांनी मला चाकं लावली. पाचाला मालकांनी मला ढकलत पट्टीपार न्यायचं, गिऱ्हाइकांची रांगही माझ्यामागून राज्य बदलायची, आणि मग बाई विकायला उभ्या राहायच्या.

मला सोडताना मालक रोज हसून म्हणायचे, "नाव तुझं, दुकान माझं."

बाई हसत नसत. फडकं घेऊन मला पुसत. रोज तेच ऐकून तीच जागा पुसल्यामुळे माझं पॉलिश तिथे कायमचं गेलं आहे.

दोन राज्यांचे दोन अबकारी इन्स्पेक्टर. अलीकडचे मिशीवाले, पलीकडचे चष्मेवाले. परराज्यात अधिकार चालत नाही, म्हणून दोघेही पट्टी ओलांडत नसत. समोरासमोर आले की पट्टीवरूनच एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत.

एकदा पाचाला मालकांनी मला ढकललं आणि नेमकं पट्टीवर बाटलीचं एक झाकण माझ्या चाकाखाली आलं. मी अडकलो. निम्मा इकडे, निम्मा तिकडे. मालकांनी जोर लावला, बाईंनी ओढलं, मी ढिम्म. कचेरीची सवय अशी ऐनवेळी वर येते. मास्तरांना धीर नव्हता. ते अलीकडे उभे होते. मालकांनी सवयीने त्यांची बाटली काढून माझ्या पलीकडच्या टोकावर ठेवली. मास्तरांनी हात लांबवला आणि त्याच वेळी दोन्ही इन्स्पेक्टर दारात.

"पाचनंतर विक्री," मिशीवाले म्हणाले. "गुन्हा आहे."

"बाटली माझ्या राज्यात आहे," चष्मेवाले म्हणाले. "आमची वेळ आत्ताच सुरू झाली."

"पण माणूस माझ्या राज्यात आहे."

"मग माणूस तुम्ही घ्या. बाटलीत काही दोष नाही."

"अहो, मला नुसतं नेऊन काय कराल?" मास्तर म्हणाले. "न्यायचं तर बाटलीसकट न्या, सोडायचं तर बाटलीसकट सोडा."

त्यांना सोडलं, बाटलीसकट. पण दोघा इन्स्पेक्टरांनी आपापल्या साहेबांना कळवलं, साहेबांनी वर कळवलं, आणि वरून हुकूम आला की हद्द नव्याने मोजा. जिकडे दुकान निघेल, तिकडचा एकच परवाना राहील.

त्या संध्याकाळी मालक निर्धास्त होते. "बाबांनी दुकान काढलं तेच इकडच्या परवान्यावर. फार तर तुझा परवाना जाईल. पाचाला बंद करू, पूर्वीसारखं."

"आणि मी?"

"तू आहेसच की घरात."

बाईंनी फडकं उचललं आणि माझी ती जागा पुसायला घेतली. बराच वेळ पुसत होत्या.

मोजणीच्या दिवशी मालकांची थोरली बहीण मुद्दाम आली. भावाची बाजू कमी पडायला नको, म्हणून. आल्या आल्या तिने मालकीणबाईंना ऐकवलं, "मी आधीच म्हटलं होतं, एका दुकानावर दोन नावं शोभत नाहीत."

"बसा वन्सं," बाई म्हणाल्या. "शोभेल ते एक आज कळेलच."

मोजणीवाल्या बाईंनी तिपाईवर यंत्र लावलं, त्यातून पाहिलं, नकाशा पाहिला, रस्त्यावर जाऊन पुन्हा पाहिलं. मग आत येऊन पट्टीला बुटाचं टोक लावून विचारलं, "ही पट्टी कोणी बसवली?"

"हद्द आहे ती," मालक म्हणाले. "बाबांनी बसवून घेतली."

"कसली हद्द?" थोरली बहीण मधेच म्हणाली. "बाबांनी फरशी घेतली स्वस्तातली, ती अर्ध्यात संपली. दुसरी आणली तर रंग जुळेना. सांधा फार वाईट दिसत होता, म्हणून गवंड्याने वर पट्टी मारली. मी इथेच तर खेळत होते."

सगळ्यांनी खाली पाहिलं. अलीकडची फरशी पिवळसर, पलीकडची राखाडी. आजवर सगळ्यांना वाटत होतं, प्रत्येक राज्याची माती वेगळी असते, तसंच काहीतरी असेल.

"मग खरी हद्द?" मालकांनी विचारलं.

मोजणीवाल्या बाईंनी पडद्याच्या खिडकीतून बोट बाहेर केलं. "तो विजेचा खांब दिसतो? त्याच्याही पुढे. दुकान सबंध यांच्या राज्यात आहे," असं म्हणून त्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं.

मालकांनी खुर्ची ओढली. मिशीवाल्यांनी भिंतीचा आधार घेतला. कारण मालकांनी इतकी वर्षं परराज्यात विनापरवाना दारू विकली खरी, पण मिशीवाल्यांनीही इतकी वर्षं परराज्यात जाऊन तपासणी केली होती. एकाचा गुन्हा विकण्याचा, दुसऱ्याचा तपासण्याचा. चष्मेवाल्यांनी तर आपल्याच राज्यातलं अर्धं दुकान कधी पाहिलंच नव्हतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि झालं गेलं विसरून जावं यावर दोन राज्यांचं प्रथमच एकमत झालं.

थोरली बहीण म्हणाली, "मी आपलं खरं ते सांगितलं." यानंतर ती जेवायला थांबली नाही.

दुकान रिकामं झाल्यावर मालक माझ्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका खाली ऐकला. "म्हणजे मी इतकी वर्षं इथे केलं तरी काय?"

मालकीणबाईंनी थोडा विचार केला. "माझ्या दुकानात मदत केलीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाटी रंगवणारा आला. शिडीवर चढून त्याने विचारलं, "साहेबांचं नाव पुसून टाकू?"

मालक आत होते, पण कान बाहेर होते. मला कळतं; माझ्या कडेवर त्यांची बोटं घट्ट झाली होती.

"राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याच्या खाली लिही, सोडा आणि बर्फ. त्याला परवाना लागत नाही, आणि सकाळपासून विकता येतो."

तेव्हापासून सकाळी मी पिवळ्या फरशीवर असतो. मालक सोडा विकतात आणि पडदा काढलेल्या खिडकीतून विजेच्या खांबाकडे जरा रागाने बघतात. मास्तर सकाळीच येऊन सोडा घेऊन जातात आणि पाचाला त्यात घालायचं न्यायला परत येतात. पाच वाजले की मालक मला ढकलत पट्टीपार नेतात. कायद्याने आता याची काही गरज नाही, मी कुठेही उभा राहिलो तरी चालेल. पण फ्रिज तिकडे आहे, आणि सवय इकडे.

आता म्हातारा झालोय. एक चाक कुरकुरायला लागलं होतं. कायदे करणाऱ्या मंडळींना एकच विनंती आहे: पुढचा कायदा करण्याआधी शेजारच्या राज्याला एकदा विचारत जा. सगळ्याच दुकानांना चाकं लावता येत नाहीत. आमच्यापुरती मात्र कायदा बदलायची घाई करू नका. परवाच माझ्या चाकांना तेल दिलंय.

माझी ती पॉलिश गेलेली जागा आता कोणी पुसत नाही. काल पाचाला मालकांनी मला नेऊन उभं केलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "घे, दुकान तुझं."

"आणि नाव?" बाईंनी विचारलं.

"नावही तुझंच. सोडा तेवढा माझा."

बाई हसल्या.