'जासई' आणि 'यार्ड' यांच्यामधली जागा

मित्रांनो, मी घणसोली गावातला एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या पडद्याला मधोमध तडा गेला आहे. तो कसा गेला, ते सांगतो.

देवजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर सत्यभामाताईंचं छोटं ऑफिस होतं. जासईच्या यार्डात कोणता कंटेनर कुठे आहे, हे दाखवणारा प्रोग्राम संघर्ष आणि श्यामसुंदर तिथे लिहीत. त्यांनी लिहिलेलं सगळं जोडून चालता प्रोग्राम बनवायचा, हे माझं काम. त्याला ते 'बिल्ड' म्हणत. ताई रोज माझ्यावरची धूळ पुसत आणि "गुणी आहे हा," असं म्हणत.

एका सोमवारी सकाळी संघर्षने बिल्डसाठी नवं फोल्डर केलं. नाव दिलं 'जासई यार्ड', मध्ये एक रिकामी जागा सोडून. बिल्डच्या आधी ते फोल्डर पुसून घ्यायची आज्ञा मला होती. आज्ञेत नावाभोवती अवतरणचिन्हं नव्हती, म्हणून मी ती दोन वेगळी नावं समजलो. नुसत्या 'जासई' नावाचं फोल्डर माझ्यात होतंच. त्यात तीन वर्षांची मेहनत होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी ते पुसून टाकलं.

श्यामसुंदरने आदल्याच आठवड्यात राजीनामा दिला होता आणि तो कामाचे शेवटचे दिवस भरत होता.

"जाता जाता साफ केलंस ना सगळं?" 'जासई' फोल्डर गायब दिसताच संघर्षने त्याला विचारलं.

"मी हात पण नाय लावला. स्क्रीनवर बघ ना काय आलंय."

संघर्षने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. श्यामसुंदर खुर्चीसकट पडला. मग कानावर लाथ बसली, पुन्हा बसली. शेवटी संघर्षने त्याला केसांना धरून उठवलं आणि त्याचं डोकं माझ्या पडद्यावर आपटलं. काय पुसलं गेलं आणि कोणत्या आज्ञेने, ते सगळं त्याच पडद्यावर लिहिलेलं होतं. त्यावरून रक्त ओघळू लागलं.

देवजी जिना चढून आले. "सोर त्याला. मरंल तो," म्हणत त्यांनी संघर्षला मागे ओढलं.

श्यामसुंदरला हॉस्पिटलात पोचवून ताई परतल्या. त्यांनी ओल्या फडक्याने पडदा पुसला आणि फुटक्या काचेतून अक्षरं वाचली.

"फोल्डर कोणी केलं?"

"मी," संघर्ष म्हणाला.

"नावात स्पेस दिलीस?"

तो भिंतीला टेकून खाली बसला.

संघर्षवर आता बेलापूरच्या कोर्टात खटला चालू आहे. श्यामसुंदर सामान न्यायला एकदाच आला. संघर्ष त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून "चुकलो रे," म्हणाला. श्यामसुंदर सामान भरत राहिला. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

मित्रांनो, फोल्डरची नावं जोडून लिहा. आणि राग आला, तर समोरच्याचं आधी ऐकून घ्या. त्या दिवशी मला सगळं ठाऊक होतं, पण ओरडून सांगायला तोंड नव्हतं.