दोन्ही टोकांना कुंकू

खुंटीवरची किल्ली खाली पडली. टक्.

एवढासाच आवाज, पण घर इतकं गप्प होतं की निकिता दचकली. भाकरीचं पीठ मळता मळता तिनं मागं वळून पाहिलं. किल्लीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा फरशीवर दोनदा उडाला आणि थांबला. पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून गोरक्षनं, तिच्या नवऱ्यानं, तो बांधला होता. मुळा धरणाच्या काठाला बाभळीशी साखळीनं जखडलेल्या, माणसं पल्याड सोडायच्या त्याच्या बोटीच्या कुलपाची ही किल्ली. दसऱ्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

आज मात्र ती द्यायची होती. सकाळीच गोरक्षचा फोन आला होता, नागापूरच्या कारखान्यातून; बोट बंद पडल्यापासून तो तिथंच कामाला होता. मागं यंत्रांचा धडधडाट.

"दुपारी गहिनीनाथ येईल. त्याला किल्ली दे. बोट देऊन टाकली त्याला."

"आन् तुमचं इंजिन?"

"कशाचं इंजिन! मिस्त्री म्हनला, आतलं समदं जळालंय. भंगारात घाल म्हनला."

 जे दोन महिने ओठांवर होतं ते निकितानं विचारलं, "मग आमी तिकडं येऊ का? मी आन् नंदू?"

"एका खोलीत पाच जन झोपतो आमी." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "बघू."

फोन बंद झाला, तरी तिनं तो कितीतरी वेळ कानालाच धरून ठेवला होता.

इंजिन जळलं त्याला कारण काय, तर सण. खंडेनवमीला गोरक्षनं इंजिन साबणानं धुतलं, पुसलं, झेंडूचा हार घातला. बोटीतली बॅटरीही पूजेला ओट्यावर आणली. तिच्यावरच्या अधिक-उण्याच्या खुणा कधीच झिजून गेल्या होत्या. गोरक्षनं अधिकच्या टोकाला तांबड्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता, तीच त्याची खूण. तारा दोन्ही काळ्याच, विहिरीच्या मोटरीच्या उरलेल्या. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी त्यानं तांब्याची तार पिळून टाकलेली. तांबडा ठिपका दिसला की झालं, असं त्याचं चालायचं.

निकितानं हळदीकुंकू लावलं. एका टोकाला लावायचं आणि दुसऱ्याला वगळायचं कसं? तिनं दोन्ही टोकं कुंकवानं भरली. मायेनं भरली.

तेवढ्यात काठावरून राहीबाईनं हाक मारली. तिच्या पल्याड दिलेल्या लेकीचे दिवस भरले होते, तिकडं जायचं होतं. गोरक्ष बॅटरी उचलून पळत सुटला. दोन्ही टोकं तांबडी. बाई घाई करतेय, पुसायला सवड कुठली! त्यानं अंदाजानं तारा आवळल्या. शेवटची तार टेकली तशी ठिणगी उडाली, चर्रर्र झालं; उडायला फ्यूज नव्हताच, इंजिनाच्या टोपणाखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्यानं झटकन उलट्या लागलेल्या तारा काढल्या, टोकं पुसून नीट लावल्या. मग दोरी ओढत राहिला, ऊन कलेपर्यंत. इंजिन बोललंच नाही. राहीबाई गाठोडं मांडीवर घेऊन तशीच बसून होती. शेवटी जीपनं लांबचा वळसा घालून गेली.

त्या दिवशी जेवताना गोरक्ष 'तू दोन्हीकडं कुंकू का लावलंस' असं म्हणाला नाही. 'तुमी पुसून का बघितलं न्हाई' असं तीही म्हणाली नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. तिला वाटलं होतं, समजून घेतलं त्यानं. त्या समजुतीच्या आधारावरच तिनं हे दोन महिने काढले होते.

दाराशी चपला वाजल्या. शेजारच्या वस्तीवरचा गहिनीनाथ. मासे धरायचा, तोंडानं मोकळा.

"वैनी, च्या ठेवू नका. तुमच्या हातचा च्या पिला की उठवत न्हाई, आन् मालक न्हाईत घरी!"

"बसा भाऊजी, बाहेर ओट्यावर तरी."

"किल्ली द्या, निघतो. काठावर माझं इंजिन आनून ठिवलंय, म्हातारं हाय, दम लागतो त्याला, पर पल्याड पोचवतंय." किल्ली हातात घेऊन तो हसला. "आन् पुढच्या खंडेनवमीला मलाच कुंकू लावा वैनी, ब्याटरीला नको. गोरक्षा म्हनतोच, बायकोच्या कुंकवानं बोट बुडवली."

निकितानं पदराला हात पुसले.

"असं म्हनले?"

"हसत म्हनला वो! मस्करीत." गहिनीनाथाचं हसू आखडलं. उगाचच थर्माकोलचा तुकडा बोटांनी फिरवत म्हणाला, "हे सोडून ठिवू का पोरीला खेळायला?"

"राहू द्या. पान्यात पडली तर तरंगंल."

तो उतारानं निघून गेला. जरा वेळानं साखळी खळखळली, मग लांबवर एक इंजिन खोकलं, खोकलं आणि चालू झालं. निकिता ओट्यावर उभी राहून ऐकत होती. आवाज पल्याडच्या काठाकडं बारीक होत गेला. जे तिला सांगायचं, ते गोरक्ष गहिनीनाथाला सांगून गेला होता. हसत.

आत खाटेवर गोधडी हलत होती. तिची पाच वर्षांची लेक राजनंदिनी, नंदू, आपली विजेरी घेऊन आत शिरली होती.

"आई, पेटतच न्हाई ही!"

निकितानं झाकण उघडून पाहिलं. "उलटे घातलेस गं सेल, नंदू." तिनं ते फिरवून घातले. बटण दाबलं. पोरीच्या नाकावर पिवळा उजेड पडला. नंदू खुदकन हसली, गोधडी डोक्यावर ओढून आईलाही आत घेतलं. त्या उबदार अंधारात दोघी उजेडाकडं बघत राहिल्या. बाहेर इंजिनाचा आवाज आता पुरता विरला होता.

मग नंदूनं विजेरी विझवली. पेटवली. विझवली. आणि विचारलं,

"आई, बाबांनी पन उलटं काढून सरळ लावलं हुतं ना? मग ते का न्हाई झालं परत चालू?"